वामीची कपार

वैनगंगेच्या काठी आणि भंडाऱ्याकडच्या मामा (माजी मालगुजारी) तलावांच्या टापूत वाम हा ओळखीचा मासा आहे. कुणी तिला बाम म्हणतात. लांब, दोन्ही बाजूंनी किंचित दबलेले अंग, पिवळसर तपकिरी कातडीवर गडद नागमोडी नक्षी, पाठीवर सुट्या काट्यांची रांग आणि टोकदार तोंडाच्या पुढे सतत चाचपडणारी छोटी मांसल सोंड, ही तिची खूण. १८०० मध्ये लासेपेद या फ्रेंच शास्त्रज्ञाने तिचे शास्त्रीय वर्णन केले. आज मॅस्टासेम्बेलस आर्मेटस या नावाने ती जगाला माहीत आहे आणि शोभेच्या माशांच्या दुकानात टायरट्रॅक ईल म्हणून विकली जाते. दुकानात ती वीतभर असते. पुरती वाढली की मात्र ती नव्वद सेंटिमीटरपर्यंत जाऊ शकते, आणि काचेच्या टाकीतही दोन फुटांची होणे अवघड नाही. अशी मोठी वाम पाळायची असेल तर पंप, दिवे, शोभेच्या वनस्पती या सगळ्यांच्या आधी तिची लपण्याची जागा बांधायला हवी. ती जागा नुसती असून भागत नाही, ती भक्कमही असावी लागते. बहुतेक जण पहिली गोष्ट मान्य करतात आणि दुसरीकडे दुर्लक्ष करतात. माशाचे हाल होतात ते तिथेच.

लपण्याची जागा इतकी महत्त्वाची का, हे वामीच्या जगण्याकडे पाहिले की कळते. ती निशाचर आहे. दिवसा दगडांच्या फटीत, मुळांच्या जाळ्यात किंवा वाळूत अंग पुरून ती पडून राहते आणि अंधार पडल्यावर अळ्या, गांडुळे, झिंगे, लहान मासे हुडकत तळाशी फिरते. म्हणजे दिवसाचा मोठा भाग तिच्या अंगाला कशाचा तरी स्पर्श असतो. वर छत, दोन्ही बाजूंना भिंत आणि खाली वाळू अशा स्थितीतच तिला विसावा मिळतो. शास्त्रीय वर्गीकरणात वाम ही खरी ईल नाही. नद्यांमधल्या खऱ्या ईल अंडी घालायला समुद्रात जातात आणि त्यांची पिल्ले नद्यांमधून वर येतात. वाम आयुष्यभर मुख्यतः गोड्या पाण्यातच राहते. तरीही लांब अंगाच्या या दोन्ही माशांची आसऱ्याची गरज सारखीच आहे, आणि ती किती तीव्र असते हे कोळ्यांनी शास्त्रज्ञांच्या कितीतरी आधी ओळखले होते. जपानमध्ये ईल पकडण्यासाठी पोकळ बांबूच्या नळ्या नदीच्या तळाशी ठेवण्याची जुनी पद्धत आहे. त्या नळ्यांमध्ये आमिष घालावे लागत नाही. रात्रभर भटकलेली ईल उजाडता उजाडता केवळ आडोसा म्हणून आत शिरते आणि नळी उचलली जाते. तिथल्याच काही नद्यांमध्ये दगडांचे ढीग रचून ठेवतात. ईल त्यात मुक्कामाला येतात, मग ढीग उपसून त्यांना धरतात. अन्नाचा वासही नसताना मासा नळीत शिरतो, तेव्हा आसरा ही त्याच्या लेखी अन्नाच्याच तोलाची गरज आहे असे मानायला हवे.

आसरा नसेल तर शरीराला काय किंमत मोजावी लागते, याचाही अभ्यास झाला आहे. स्कॉटलंडमधील ग्लासगो विद्यापीठाच्या संशोधकांनी २००६ मध्ये सॅमनच्या लहान पिल्लांवर केलेले काम प्रसिद्ध आहे. आडोसा नसलेल्या पिल्लांचा विश्रांतीच्या अवस्थेतला ऊर्जेचा खर्च आडोसा मिळालेल्या पिल्लांपेक्षा सुमारे ३० टक्क्यांनी जास्त भरला. सॅमन ही वाम नव्हे, त्यामुळे तो आकडा जसाच्या तसा उचलून वामीला लावता येणार नाही. पण उघड्यावर पडलेला मासा नुसता पडलेला दिसला तरी आतून सावध असतो आणि त्या सावधपणाला शक्ती लागते, हे त्यातून स्पष्ट होते. सॅमनची पिल्ले दिवसाही वाहत्या पाण्यात भक्ष्य टिपतात. जो मासा मुळातच दिवस कपारीत काढतो, त्याच्यावरचा ताण याहून कमी असेल असे मानण्याला काही आधार नाही. टाकीतल्या वामींच्या नेहमीच्या तक्रारी पाहा: खाणे सोडणे, रंग फिका पडणे, काचेला सोंड घासत फेऱ्या मारणे आणि झाकणाच्या फटीतून बाहेर पडून जमिनीवर वाळून मरणे. यातल्या प्रत्येकाला इतर कारणे असू शकतात, पण फेऱ्या मारणे आणि पळणे यांच्यामागे बहुतेकदा बिळाचा शोध असतो.

यावर लगेच येणारा आक्षेप असा की लपलेला मासा दिसणार नाही, मग पाळायचा कशाला? आक्षेप प्रामाणिक आहे, पण त्यातला तर्क उलटा आहे. ज्या वामीला परत जायला खात्रीची जागा असते ती संध्याकाळी लवकर बाहेर येते, तोंड बाहेर काढून बसते, खाणे टाकले की पुढे येते. जिला अशी जागा नसते ती वाळूत स्वतःला पुरून घेते आणि आठवडेच्या आठवडे दिसत नाही, किंवा दिसते ती भेदरलेली. बीळ कुठे ठेवायचे हे तर आपल्याच हातात आहे. अर्धी चिरलेली नळी पुढच्या काचेला टेकवून बसवली की काचच बिळाची एक भिंत होते आणि आत विसावलेला मासा अंगभर दिसतो. खोलीतला उजेड मंद ठेवला आणि दिवसा त्या भागावर बाहेरून गडद कागद लावला, तर वामीची त्याला हरकत नसते.

आता भक्कमपणाकडे येऊ. माझ्या मते हाच विषयाचा गाभा आहे. जमिनीवर घट्ट बसलेला दगड पाण्यात तितका जड राहत नाही. ग्रॅनाइटसारखा दगड पाण्याच्या अडीच पटींहून थोडा अधिक घन असतो. त्यामुळे दहा किलोचा दगड पाण्यात बुडाला की त्याचा भार सहा किलोंच्या आसपास उरतो. पीव्हीसीची गोष्ट आणखी बिकट आहे. एक किलोची नळी पाण्यात तीनशे ग्रॅमच्याही आत येते, आणि आत हवेचा बुडबुडा अडकला तर चक्क तरंगते. दुसऱ्या बाजूला वाम हा मुळात उकरणारा आणि रेटणारा मासा आहे. सोंड फटीत घालायची, अंग वळवून जोर लावायचा आणि फट रुंद करायची, हे ती रोज रात्री करते. दोन फुटांच्या वामीचे अंग बहुतांशी स्नायूंचे असते. त्यात ती दगडाखालची वाळू काढते. वाळूवर ठेवलेला दगड पहिल्या दिवशी स्थिर दिसतो, पण पंधरवड्यात त्याच्या एका बाजूला पोकळी झालेली असते. नुसते एकावर एक रचलेले दगड असे कधीतरी कोसळतात. त्याखाली मासा सापडतो, नाहीतर दगडाचा कोपरा काचेवर बसून काच तडकते. पाच फूट लांब, दोन फूट रुंद आणि दोन फूट उंच टाकीत पाचशे लिटरच्या वर पाणी असते. ते घरात पसरले तर काय होईल, याचा विचार दगड रचण्याच्या आधी केलेला बरा.

म्हणून पहिला नियम हा की बिळाचा भार टाकीच्या तळावर यावा, वाळूवर येऊ नये. आधी तळकाचेवर प्लास्टिकचा किंवा फोमचा पातळ थर पसरायचा, म्हणजे दगडाचे टोक एकाच बिंदूवर काच दाबणार नाही. त्यावर बीळ बसवायचे आणि शेवटी भोवतीने वाळू ओतायची. मग वामीने हवे तितके उकरावे, बांधकाम खचत नाही. वाळू बारीक आणि गोल कणांची असावी, दोन-तीन इंच जाडीची. फोडलेली टोकदार खडी वामीच्या पोटाला आणि सोंडेला ओरखडे काढते आणि त्या ओरखड्यांतून संसर्ग शिरतो. तिच्या अंगावरचे खवले अगदी बारीक असतात, ते फारसे चिलखताचे काम करत नाहीत.

बिळासाठी लागणारे सामान भंडाऱ्यात शोधायला दूर जावे लागत नाही, मात्र निवड डोळसपणे करावी लागते. जुन्या घरांवरची अर्धगोल कवेलू हे यासाठी उत्तम साहित्य आहे. दोन कवेलू समोरासमोर ठेवली की भाजक्या मातीची नळी तयार होते. तिचा रंग तळाशी मिसळून जातो आणि आतला पृष्ठभाग वामीला मानवतो. पण कवेलू पक्के भाजलेले हवे. कच्चे असेल तर पाण्यात सुटू लागते. बादलीत चार-पाच दिवस भिजत ठेवले की खरे-खोटे कळते. ज्याला चुना, रंग किंवा वाळवीचे औषध लागले आहे ते बाजूलाच ठेवावे. कडा काचपेपरने घासून गुळगुळीत कराव्यात. दगडांमध्ये ग्रॅनाइट आणि क्वार्टझाइट निर्धास्तपणे वापरता येतात. घरात सहज मिळते ती कडाप्पा किंवा शहाबादी फरशी. पण हे दोन्ही चुनखडीचे दगड आहेत. त्यांतून चुना फार हळू पाण्यात उतरतो आणि पाणी वरचेवर बदलले तर त्याने मोठे संकट ओढवत नाही. तरीही त्याच कामाला ग्रॅनाइटचा तुकडा मिळत असताना ती जोखीम का घ्यावी? शंका असेल तर दगडावर व्हिनेगर टाकून पाहावे, फेस आला तर दगड चुन्याचा. तुमसरच्या बाजूला डोंगरी बुजुर्ग आणि चिखला इथे मँगनीजच्या खाणी आहेत. तिकडचे काळे, जड दगड दिसायला आकर्षक असतात, पण धातूचे खनिज टाकीत घालू नये. भंडारा पितळेच्या भांड्यांसाठी प्रसिद्ध आहे, म्हणून पाण्याचा एखादा जुना पितळी गुंड आडवा ठेवून गुहा करावी असेही कुणाच्या मनात येईल. तो विचार सोडून द्यावा. पितळेत तांबे आणि जस्त असते, आणि पाण्यात उतरलेले तांबे माशांना विषारी ठरते. सिमेंटची गुहा टिकाऊ होते खरी, पण ताजे सिमेंट पाण्याला अतिशय अल्कधर्मी बनवते. ते कित्येक आठवडे पाणी बदलत भिजवावे लागते. घाई असणाऱ्याने त्या वाटेला जाऊ नये.

सगळ्यांत खात्रीचा मार्ग म्हणजे नळी आणि दगड यांची जोड. शेतीच्या पाइपलाइनसाठी मिळणारी पीव्हीसी नळी घ्यावी. वामीच्या अंगाची उंची साधारण तिच्या लांबीच्या दहाव्या भागाएवढी असते, म्हणजे दोन फुटी वामीला सहा सेंटिमीटरच्या आसपास. तिला नव्वद मिलिमीटरची नळी योग्य, त्याहून मोठीला एकशे दहाची. फार रुंद नळी चालत नाही, कारण मग भिंतींचा स्पर्श हरवतो आणि मासा ती वापरत नाही. फार अरुंद नळीत वळता येत नाही. लांबी माशाच्या लांबीपेक्षा थोडी अधिक हवी. दोन्ही टोके उघडी ठेवणे अत्यावश्यक आहे. एका तोंडाच्या बिळात पाणी साचून राहते, आणि विदर्भाच्या उन्हाळ्यात पाणी तापले की त्यात मुळातच ऑक्सिजन कमी असतो. पंपाच्या प्रवाहाकडे एक तोंड ठेवले तर आत ताजे पाणी खेळते आणि घाणही फारशी बसत नाही. वरच्या अंगाला दोन-तीन छिद्रे पाडावीत, म्हणजे हवा अडकणार नाही. त्यांची कोर गुळगुळीत करावी. मग जमिनीवर बसवायच्या टाइलचा एक तुकडा पाया म्हणून घ्यायचा, त्यावर नळी ठेवायची आणि दोन्ही बाजूंना ग्रॅनाइटचे तुकडे सिलिकॉनने टाइलला चिकटवून नळी मध्ये पकडायची. सिलिकॉन काचेला आणि टाइलला घट्ट धरते, पीव्हीसीला तितके धरत नाही. म्हणून नळी चिकटवण्यावर विसंबू नये, ती दगडांत अडकली पाहिजे. वरून एक चपटा दगड दोन्ही बाजूच्या दगडांवर टेकवून तोही चिकटवावा. त्याचा पुढे आलेला काठ तोंडावर सावली धरतो. सिलिकॉन साधे, बुरशीनाशक न मिसळलेले घ्यावे आणि जाड थर असेल तर पूर्ण वाळायला आठवडा द्यावा. आंबट वास पुरता गेला की मगच पाण्यात घालावे. पाण्यात सोडण्याआधी बांधकाम हाताने सर्व बाजूंनी जोर लावून हलवून पाहावे. जे आपल्या हाताने डुगडुगते, ते वाम हमखास पाडते.

पीव्हीसी दिसायला वाईट, ही तक्रार मला फार महत्त्वाची वाटत नाही. दोन-तीन महिन्यांत तिच्यावर शेवाळ धरते आणि दगडांमागे ती दिसतही नाही. पण साफसफाईचा आक्षेप खरा आहे. चिकटवून पक्के केलेले बीळ उचलायला जड जाते. त्यावर उपाय हा की सगळे बांधकाम एका पायावर, एकसंध आणि दोन हातांनी उचलता येईल इतकेच असावे. मोठी टाकी असेल तर एका अजस्र गुहेऐवजी अशी दोन बिळे करावीत. दोन बिळांचा आणखी एक फायदा आहे. एकाच टाकीत दोन मोठ्या वामी असतील तर त्या एका कपारीवरून भांडतात. झाकण मात्र कितीही उत्तम बीळ असले तरी जड आणि बिनफटीचे हवे, कारण पहिल्या काही रात्री नवी वाम प्रत्येक कोपरा तपासून पाहतेच.

एक आक्षेप याहून मोठा आहे: जो मासा इथल्या तलावात आणि नदीत आहे, त्याला काचेत कोंडायचेच का? या प्रश्नाला टाळून पुढे जाता येत नाही. ज्याला पाच फुटांची टाकी आणि वर्षानुवर्षांची काळजी परवडत नाही त्याने वाम आणू नये, हे माझे स्पष्ट मत आहे. वीतभर पिल्लू घेऊन ते मोठे झाल्यावर तलावात सोडून देणे तर मुळीच योग्य नाही. दुकानातली वाम कुठल्या खोऱ्यातून आली हे सांगता येत नाही, आणि तिच्यासोबत रोगही तलावात उतरतात. पण ज्यांच्या घरी ती आहे, त्यांनी तिच्या बिळाकडे नीट पाहिले तर त्यांना तलावाकडेही वेगळ्या नजरेने पाहता येईल. बिळाचा प्रश्न टाकीपुरता मर्यादित नाही.

भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या टापूत सहा हजारांहून अधिक माजी मालगुजारी तलाव आहेत. गोंड राजवटीच्या काळात कोहळी समाजाने यातले कितीतरी तलाव बांधले. १९५१ मध्ये मालगुजारी संपली, तलाव सरकारकडे गेले आणि मासेमारी मुख्यतः ढिवर समाजाच्या सहकारी संस्थांकडे राहिली. त्यानंतरच्या काळात तलावातल्या मत्स्यव्यवसायाचा सगळा विचार रोहू, कटला आणि मृगळ यांच्या बीजाभोवती फिरत राहिला. हे मासे उघड्या पाण्यात वाढतात, त्यांना कपार लागत नाही. त्यामुळे तळ कसा आहे, काठाला काय उगवते, दगड कुठे आहेत, हे प्रश्न मागे पडले. काठांवर बेशरम ही झुडपी वनस्पती माजली. गाळ साचला, तो काढण्यासाठी यंत्रे आली. २०१७ पासून राज्याच्या गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार योजनेने या कामाला वेग दिला. गाळ काढणे गरजेचे आहे, त्याशिवाय तलावात पाणी मावत नाही आणि धानाला मिळत नाही. परंतु यंत्राने तळ सरसकट खरवडून काढला की दगडांचे ढीग, झाडांची मुळे, खळगे आणि वनस्पतींचे पट्टेही त्यासोबत जातात. उरते ती सपाट परात. वामीसारख्या माशाच्या दृष्टीने तो रिकाम्या काचेच्या टाकीसारखाच तलाव आहे.

याच्या उलट विचार करून पाहणारे लोक भंडाऱ्यातच आहेत. भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळ आणि त्यातील मनीष राजनकर यांनी ढिवरांच्या माहितीच्या आधारे तलाव पुन्हा जिवंत करण्याचे काम केले. बेशरम उपटायची, तळ नांगरायचा, स्थानिक पाणवनस्पती परत लावायच्या आणि देशी माशांना जागा करून द्यायची, असे त्या कामाचे स्वरूप. वनस्पतींमुळे अनेक जातींच्या माशांना अंडी घालायला आणि लपायला आडोसा मिळतो. वामीसाठी त्यात आणखी एक भर घालता येईल, ती दगडांची. जपानी ईल २०१४ मध्ये जागतिक पातळीवर संकटग्रस्त ठरली. त्यानंतर तिथल्या नद्यांमध्ये दगड भरलेल्या जाळीच्या पेट्या तळाशी ठेवण्याचे काम वाढले. एकेकाळी पकडण्यासाठी रचले जाणारे ढीग आता ईलला राहायला जागा मिळावी म्हणून ठेवले जातात. आपल्याकडे वाम अजून तशा संकटात नाही, जागतिक यादीत ती सर्वांत कमी चिंतेच्या गटात आहे. हाताशी वेळ असतानाच हे काम स्वस्तात होते.

मासेमारांचा यावरचा आक्षेप आधीच ऐकू येतो: तळाशी दगड असले की जाळे अडकते आणि फाटते. ही किरकोळ गोष्ट नाही, जाळ्याचा खर्च त्यांच्याच खिशातून होतो. म्हणून असे ढीग तलावभर विखरून चालणार नाहीत. गाळ काढताना निघणारे दगड पाळीच्या (बांधाच्या) पायथ्याशी आणि सगळ्यांत खोल खळग्यात दोन-तीन ठिकाणी रचावेत, जिथे उन्हाळ्यात शेवटपर्यंत पाणी किंवा निदान ओल राहते. प्रत्येक जागी एक उंच बांबू खूण म्हणून रोवावा, म्हणजे ओढजाळे तिथून वळवता येईल. टाकीतला नियम इथेही लागू आहे: मोठे दगड पक्क्या तळावर, लहान त्यांच्या वर, आणि मध्ये मूठ जाईल एवढ्या फटी. जागा कुठे आणि किती, हे ठरवण्याचा अधिकार संस्थेच्या ढिवरांचाच असावा. कोणत्या कोपऱ्यात बाम सापडते हे त्यांना आधीपासून ठाऊक असते. गाळ काढण्याचे अंदाजपत्रक तयार होते तेव्हाच ही दोन-तीन ठिकाणे नकाशावर दाखवली, तर वेगळा खर्चही फारसा येणार नाही, कारण यंत्र आणि दगड दोन्ही त्या दिवशी तिथेच असतात.